टीचभर अंतरावरून आप्पा

आमच्या घरात थोरल्या आप्पांचे आठ फोटो आहेत आणि त्यांपैकी एकातही आप्पा नाहीत.

म्हणजे आहेत, पण सबंध नाहीत. एकात डोळा आहे. एकात नाक आणि अर्धी मिशी आहे. एकात कपाळावरच्या विभूतीचे तीन पट्टे आहेत (ते इतके मोठे आले आहेत की पाहुणे त्याला नांगरलेलं रान समजतात आणि पेरा कशाचा म्हणून विचारतात). हे सगळे फोटो मी काढले. आप्पा माझे थोरले चुलते. मी बसवराज, घरातला बसू. त्या वेळचा माझा धंदा पत्रकं लिहिण्याचा आणि कमाई शिव्यांची.

पत्रकांचं वेड मला दुकानानं लावलं. निजामाच्या राज्यात पत्रकं लपवून वाटावी लागत आणि आमच्या किराणा दुकानात ती गुळाच्या ढेपेखाली लपवलेली असत. माझ्या वयाची पोरं राजा-राणीच्या गोष्टी वाचत होती, तेव्हा मी मुंगळे झटकून जुलमाचा धिक्कार वाचत होतो. त्याचा परिणाम बोलण्यावर झाला. मला 'भाकर वाढ' असं साधं म्हणता येईना. 'भुकेल्यांचा अंत पाहू नका!' असं म्हणायचो आणि आई थोबाडीत द्यायची.

पुढं निजाम गेला आणि माझी फार पंचाईत झाली. पत्रकं लिहायला हात शिवशिवत होते, पण शत्रू शिल्लक नव्हता. शोधता शोधता तो सापडला आमच्या बारवेत.

आमचं गाव पालम आणि गंगाखेडच्या मधे. गावाला पिण्याच्या पाण्याची एकच बारव, आणि तिच्यात उतरायला एकच दगडी वाट. बाया पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. ज्याच्या पायात नारू निघालेला तोही तिथंच पाय गार करत बसे. नारू म्हणजे पायातून निघणारा हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा जंत. तो पाण्यात आपली पिलं सोडतो, ती पिलं पाण्यातला एक बारीक किडा खातो, तो किडा आपण पितो आणि वर्षभरानं नवा नारू आपल्या पायातून डोकं बाहेर काढतो. (वर्षभर! सरकारी कामाची सवय असल्यामुळं गावाला हा वेग वावगा वाटत नसे.) आमच्याकडं वरातीत नाचणारे कमी आणि लंगडणारे जास्त असत. वाजंत्रीवाले ताल लंगडणाऱ्यांच्या पायांवर धरत.

आरोग्य खात्याच्या एका पत्रकात मी हे वाचलं आणि पेटलो. त्याच दिवशी स्वतःचं पत्रक लिहिलं: 'जागे व्हा! ही बारव की बळीघर?' मागणी अशी की पायऱ्या बंद करा, वर चाक बसवा, दोरानं पाणी ओढा.

पोलीस पाटलांनी पत्रक वाचून घेतलं, त्यात तंबाखू गुंडाळली आणि म्हणाले, "नारू म्हंजी शीर. शीर सुटती न् भाईर येती. पान्यात काय शिरा पवतेत व्हय?"

"शीर न्हाई, पाटील! पाण्यात किडा हाय. डोळ्याला दिसंना इतका बारीक."

"दिसत न्हाई तर तुला कसा दिसला?"

"पत्रकात लिहिलंय."

"पत्रक तूच लिहितूस की! किडा दाखव, मग चाक बसवतो. जा."

किडा दाखवायचा तर फोटो पाहिजे, आणि कॅमेरा घरात होता. पोलीस अॅक्शननंतर मुलूख सोडून गेलेल्या एका अमीनसाहेबांच्या, म्हणजे निजामाच्या फौजदाराच्या, सामानातला तो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो गंगाखेडच्या बाजारात एका शेळीच्या बदल्यात घेतला होता. त्यांचा हिशेब असा की लग्नसराईत फोटो काढले तर हा डबा शेळीपेक्षा जास्त दूध देईल. नुसता चौकोनी काळा डबाच होता तो. पोटाशी धरायचा आणि वरून डोकावायचं. चार पावलांच्या पलीकडचं त्याला स्वच्छ दिसे आणि अलीकडचं सगळं धुरकट. तेव्हा स्वभावानं तो पुढारीच होता.

मला मात्र अलीकडचं पाहिजे होतं, अगदी टीचभरावरचं. म्हणून मी परभणीला गेलो. स्टेशनच्या रस्त्यावर फोटोचं दुकान चालवणारे एक उस्ताद होते.

"उस्ताद, बारीक चीज मोठी काढायची हाय."

"कितनी बारीक?"

"उवेपेक्षा बारीक."

उस्तादांनी माझ्या केसांकडं पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली. मग एक विलायती पुस्तक काढलं. त्यात जवळून फोटो काढायचं खास सामान होतं. भात्यासारखी मिटणारी-उघडणारी नळी होती, कड्यांवर कडी होती, निळसर चमकणारी भिंगं होती. मी किमती वाचल्या आणि पुस्तक मिटलं. तेवढ्यात आमचं दुकान, अण्णा आणि उरलेल्या शेळ्या आल्या असत्या.

"सस्ते में काही?"

"सस्ते में तो मियाँ, कोई भी मोटा काच आगे लगाओ," उस्ताद म्हणाले. "मगर मेरे पास नक्को लाओ."

आता मोटा काच शोधणं आलं! पहिला गाठला घड्याळजी. डोळ्यात अडकवायचं त्याचं भिंग फार उत्तम होतं, पण तो ते विकेना. भाड्यानं देतो म्हणाला, पण भिंगासोबत स्वतः येणार आणि दोन वेळ जेवणार. दुसरी होती बॅटरीची काच. तिच्यातून बघितलं तर किडा राहू द्या, आमची म्हैससुद्धा पाण्याखाली असल्यासारखी हलायची. तिसरा पालमच्या बाजारात हात बघणारा ज्योतिषी. त्याच्याकडं चांगलं तळहाताएवढं भिंग होतं. त्यानं आधी त्याच भिंगातून माझा हात पाहिला आणि म्हणाला, "हे भिंग तुमच्या योगात नाही." योग न्हाई तर न्हाई, पण हात पाहण्याची दक्षिणा त्यानं सोडली नाही!

मी तोंड पाडून घरी आलो. थोरले आप्पा ओसरीत खाटेवर होते. उजव्या पायाला नारू. त्याचं टोक बाहेर आलेलं, ते तुरीच्या काडीला गुंडाळलेलं. रोज सकाळी आप्पा ती काडी एक वेढा फिरवत, बोटभर नारू बाहेर काढत आणि पुन्हा पाय उशीवर ठेवत. जोरानं ओढला तर आत तुटतो, आणि तुटला तर पाय जातो, कधी माणूसही. म्हणून सगळं काम सुनेच्या केसातली गुंत काढावी तसं.

"काय रं पत्रकवाल्या, मिळालं का भिंग?"

"न्हाई आप्पा. गरिबाला विज्ञान बंद आहे! भांडवलशाहीनं..."

"ती नंतर सांग. हे बग." आप्पांनी चष्मा काढला. त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू एका शिबिरात काढला होता आणि त्या बाजूला बोरासारखी फुगीर काच दिली होती. पुढं तो डोळा गेला, काच राहिली. "घे काढून. डोळा मेला, आता काचंला कामून बसवून खाऊ घालायचं?"

मोठीमाय, म्हणजे माझी थोरली चुलती, आतून चूल सोडून बाहेर आली. "एका काचंचा चष्मा घालून बसनार व्हय तुमी? लोक काय म्हनतेल?"

"लोक काय म्हनतेत ते त्या डोळ्याला तसंबी दिसत नव्हतं."

काच अशी जमली. आता ती डब्यापुढं नेमक्या अंतरावर धरायला नळी पाहिजे. दुकानातली चहाची गोल डबी मी बुडातून कापून आणली आणि पालमच्या डबे झाळणाऱ्याकडं गेलो. तो चांगला माणूस होता. म्हणाला, "मालक, काढता-घालता यील असं करू? जवळचं काढायचं तवा लावा, लांबचं काढायचं तवा काढा."

इथं माझं जन्मभराचं वाचन आडवं आलं. काढता-घालता? म्हणजे कधी जनतेच्या बाजूनं, कधी मिरवणुकीच्या बाजूनं? मी ताडकन म्हणालो, "तडजोड नको! पक्कं झाळा!"

त्यानं पक्कं झाळलं. डब्याचं तोंड, डबी आणि काच यांच्याभोवती इतकं कथील ओतलं की डबा पुढं झुकायला लागला. "आता हे तुमच्या-माझ्या मागं ऱ्हाईल," तो अभिमानानं म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या कॅमेऱ्याला टीचभरापलीकडचं जग दिसणं कायमचं बंद झालं. अण्णांना हे मी सांगितलं नाही. तत्त्वाची लढाई होती, तपशिलात कशाला शिरा!

मी बारवेचं पाणी पांढऱ्या बशीत घेतलं, भर उन्हात ठेवलं आणि फिल्मचा सबंध रोळ त्याच्यावर उडवला. परभणीहून फोटो मोठे करून आणले. पांढरं रान आणि त्यात चार-पाच काळे ठिपके. माझे तर डोळे भरून आले. तेच ते! जनतेचे वैरी!

चावडीवर पाटलांनी फोटो उन्हात धरला, सावलीत धरला, उलटा केला.

"हे तीळ हायत."

"किडे हायत, पाटील!"

"संक्रातीला वाटलेले तीळ हायत. अण्णा, तुमी बगा बरं."

अण्णांनी पाहिलं. त्यांना किडाही दिसला नाही न् तीळही. त्यांना त्या पांढऱ्या रानात चरणारी आपली शेळी दिसली. "शेळी देऊन तीळ आणले आमच्या चिरंजिवांनी," एवढंच ते म्हणाले आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

त्या फोटोचा एकच उपयोग झाला. मोठीमायच्या मनात एक गोष्ट आली आणि ती जाईना. आप्पांचा जन्मात एकही फोटो नव्हता. लग्नात काढायचा राहिला, मग सवड नव्हती, मग रझाकारीत कुणाला सुचतं! आता घरातच कॅमेरा.

"अवो, एक काढू द्या की बसूला."

"पाय बांधलेला फोटो न्हाई काढायचा," आप्पा म्हणाले. "लोक म्हनतेल, जन्मभर असाच बसून व्हता. नारू निगू दे. फेटा बांधतो, दोन्ही पायांवर उभा ऱ्हातो. मग काढ म्हनावं, टाचंपसून तुऱ्यापतुर."

मोठीमाय माझ्याकडं वळली. "तुझा डबा सबंद मानूस काढतो ना रं?"

"काढतो की!"

(तत्त्वनिष्ठ माणूस खोटं बोलत नाही. तो भविष्याविषयी आशावादी असतो.)

मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पालमला गेलो. झाळणाऱ्यानं तो हातात घेऊन हलवला. "हे काडायचं म्हंजी डबा इस्तवावर ठिवावा लागंल. मग डबीबी निगंल, डबाबी निगंल न् काचबी निगंल." मी डबा परत आणला आणि विचार केला, नारू निघेपर्यंत काहीतरी सुचेल.

सुचायच्या आत वासरू सुटलं. सकाळची वेळ, आप्पा काडीला वेढा देत होते. दाव्याला हिसका देऊन वासरू ओसरीत शिरलं आणि खाटेला धडकलं. एवढंच झालं. काडी आप्पांच्या हातात राहिली, नारू आत तुटला.

संध्याकाळपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. बैलगाडीत घालून गंगाखेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुया दिल्या आणि अण्णांना बाजूला घेतलं. चौथ्या दिवशी आप्पांची दातखीळ बसली. बसायच्या आधी ते मला म्हणाले होते, "बसू, पाटलाला म्हनावं, शीर असती तर इतक्या इमानदारीनं मारती व्हय?" दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही त्यांना परत आणलं तेव्हा गाडी हाकायला घाई नव्हती.

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, भिंतीच्या खुंटीला शाल बांधून आधार देतात, कपाळी विभूती लावतात, फेटा बांधतात, हार घालतात आणि भजन लावतात. आणि बसवूनच समाधी देतात. त्यामुळं आप्पा ओसरीत असे बसले होते, जसे कुणाची तरी वाट बघायलेत. डोळ्यांना चष्मा. एका बाजूला काच, एका बाजूला रिकामी खोबण.

मोठीमाय त्यांच्यासमोर बसली होती. मग एकदम उठली, शालीचं टोक आप्पांच्या पायावर नीट केलं आणि म्हणाली, "बसू, आन तुझा डबा. आता पाय झाकलाय. फेटाबी बांधलाय. काढ."

भजन थांबलं. सगळं घर माझ्याकडं पाहू लागलं.

"मोठीमाय, ते... उजेड कमी हाय."

"तर त्येंना दारात घ्या!" पोखर्णीचे मामा ओरडले. हे मोठीमायचे भाऊ. लग्न असो, मयत असो, माणसं लावायचं काम यांच्याकडं. "उचला रं! दोघं तिकडून! हां! आता उनात आले!"

"मामा, कॅमेरा जरा..."

"बाया उजव्या अंगाला! लेकरं पुढं! अण्णा, तुमी भावाच्या खांद्यावर हात ठिवा! म्हातारे बसून घ्या! फोटो पुना निगत नसतो!"

बघता बघता आप्पांच्या मागं पस्तीस-चाळीस माणसं उभी राहिली. काहींनी तोंड धुतलं. एका आत्यानं रडून विस्कटलेले केस बसवले. विधीला आलेले गुरुस्वामी मधोमध येऊन उभे राहिले. मी डबा पोटाशी धरला, वरून डोकावलं. आत नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं. आप्पा नाहीत, मामा नाहीत, घर नाही.

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण मोठीमाय आप्पांशेजारी येऊन बसली होती, पदर सारखा करून, ताठ. चाळीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा नवऱ्याच्या बरोबरीनं बसली होती. माझ्या जिभेला 'येत नाही' हे दोन शब्द उचलेनात. मी पुढं सरकलो. आणखी पुढं. आप्पांच्या नाकापासून टीचभरावर जाऊन थांबलो.

"फोटोवाला मागं सरकत असतो, बसू," मामा म्हणाले.

"हा नवा प्रकार हाय, मामा."

"आमी येतो ना समदे?"

"येता, येता. हलू नका."

कुणी हललं नाही. आप्पा तर मुळीच नाही. डबीच्या लांबीमुळं उजेड कमी पोचायचा, म्हणून दट्ट्या बराच वेळ दाबून धरावा लागे, आणि इतका शांत बसणारा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. मी ठरवलं, सबंध येत नाही ना? तुकड्या-तुकड्यानं घेऊ! पैमाशवाले जमीन मोजतात तसं. आधी फेटा, मग कपाळ, मग डोळा. डोळ्यापाशी मी थबकलो. चष्म्याच्या रिकाम्या खोबणीसमोर मी तिचीच काच धरून उभा होतो. आप्पा आपल्याच काचेतून माझ्याकडं बघत होते, आणि मला वाटलं, हसतील.

मग नाक. मग हनुवटी. तिच्यावर माशी बसली, मोठीमायनं पदरानं उडवली.

"बसू," गुरुस्वामी हळूच म्हणाले, "आप्पांच्या कानात काय सांगायलास?"

"काही न्हाई स्वामी. कान घ्यायलोय."

स्वामींनी एक हात आपल्या कानावर ठेवला आणि फोटोतून बाहेर पडले.

कानानंतर हात. मांडीवर ठेवलेला, अंगठ्यावर काडी फिरवून पडलेला घट्टा. सात झाले. एवढ्यात आप्पांना विमानात, म्हणजे समाधीला न्यायच्या सजवलेल्या पालखीत, ठेवायला उचललं आणि शाल घसरली. पाय उघडा पडला. सुजून काळा झालेला, आणि जखमेतून तुटक्या नारूचं टोक बाहेर. "झाका, झाका!" मोठीमाय कळवळली. मी खाली वाकलो होतो, डबा जमिनीला टेकलेला होता. बोट दाबलं गेलं. दाबलं की दाबलं गेलं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

रोळ धुवायला परभणीला दिला. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा उस्तादांनी फोटो माझ्यापुढं एकेक करून ठेवले, जसे बकऱ्याचे वाटे.

"कौन थे?"

"चुलते."

"क्या मियाँ!" उस्ताद खिन्न होऊन म्हणाले. "आदमी कू पूरा लाते. हफ्त्या-हफ्त्यानं नईं लाते."

मोठीमायनं सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. मामा पोखर्णीहून नवा सदरा घालून आले होते. मी पाकीट उघडलं आणि आठ फोटो पाटावर ओळीनं मांडले. सगळे एकदमच बोलले.

"हे काय हाय?"

"आप्पा."

"समदे?"

"मिळून."

अण्णा पाटासमोर बसले आणि तुकडे लावू लागले. कपाळ वर, नाक खाली. नाकाखाली हनुवटी बसेना, कारण मधलं तोंड मी मोजणीत सोडलं होतं. "ह्यो डावा डोळा का उजवा?" "खोबण रिकामी हाय, डावा." "मग ह्यो कान तिकडं घ्या." "कान उलटा लागलाय, अण्णा." "तू गप!" एका आत्याला फेट्याच्या घड्या आप्पांचा गळा वाटला आणि ती रडू लागली. तिला समजावून सांगितलं, तर जास्तच रडू लागली.

"अन् आमी?" मामांनी विचारलं. "आमी चाळीस मानसं कुटं हाव?"

"तुमी मागं हाव, मामा. आप्पांच्या कानामागं."

मामांनी कान उचलला आणि त्याची मागची बाजू पाहिली.

अण्णा माझ्याकडं वळले. त्या दिवशी मला मार बसला असता, आणि तो मी हौतात्म्य म्हणून स्वीकारलाही असता. पण मोठीमाय पुढं झाली. तिनं एकेक फोटो हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, खाली ठेवला. कान मात्र तिनं ठेवला नाही. तो धरून बसली. कानाच्या पाळीवर जुन्या भिकबाळीचं भोक होतं, आत दोन पांढरे केस होते.

"हे तेच हायत," ती म्हणाली. "जन्मभर माझं काई ऐकलं न्हाई ह्या कानानं. आता कुटं जातो बगू." आणि तिनं तो पदरात ठेवला.

मग शेवटचा राहिला, आठवा. बाकी सात हातात धरून काढलेले, सगळे थोडे पुसट. हा जमिनीला टेकवून काढलेला, म्हणून लख्ख आला होता. पाय, जखम आणि जखमेतलं नारूचं टोक. मी तो झाकायला हात पुढं केला. मोठीमायनं हात बाजूला सारला. तिनं तो किती वेळ पाहिला कोण जाणे. मग उठली, देवघरातली एक जुनी काचेची चौकट रिकामी केली, फोटो तिच्यात बसवला आणि बारवेकडं निघाली. आम्ही सगळे मागं.

बारवेला वाट एकच. तिनं पहिल्या पायरीवर मधोमध ती चौकट ठेवली आणि बाजूला बसली.

पाण्याला आलेली पहिली बाई थांबली. "हे काय गं?"

"आप्पांचा पाय हाय. जायाचं आसंल तर ओलांडून जा."

थोरल्या माणसाचा, त्यातून मेलेल्याचा पाय कोण ओलांडणार! बाईनं घागर खाली ठेवली, वाकून फोटोला नमस्कार केला आणि परत फिरली. दुसरी आली, तिनंही तेच केलं. पुरुष आले, चपला काढून पाया पडले आणि गेले. नारू झालेला एक म्हातारा लंगडत आला, फोटोशी बराच वेळ वाकून बसला आणि तसाच लंगडत परत गेला. पाय गार करायला तो पाण्यात उतरला नाही.

मी धावत जाऊन पत्रकांचा गठ्ठा आणला आणि पायरीवर उभा राहून भाषण सुरू केलं. "बंधूंनो! हा फोटो म्हणजे पुरावा आहे! नीट पाहा, नारूचं टोक..."

"सरक की बाजूला," मागून कुणीतरी म्हणालं. "पाया पडू दे."

पाटील सांजेला आले. फोटोसमोर उभे राहिले. मी म्हणालो, "पाटील, आता तरी सांगा, शीर हाय का?" त्यांची घागर घेऊन आलेला गडी पायरीपाशी अडून राहिला होता. पाटलांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा मोठीमायकडं, मग टोपी काढून वाकले. "वैनी, गाव तहानंनं मरंल."

"चाक बसवा."

चाक बसलं. बारवेच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काटेरी फांद्या पडल्या. माझ्या पत्रकांनी, तिळांनी आणि विज्ञानानं जे झालं नाही ते लोकांनी नमस्कार करून करून टाकलं. नारूच्या चालीनंच, म्हणजे वर्षभरानं, गावात पायांना बांधलेल्या चिंध्या कमी दिसू लागल्या. तोवर मराठवाडाही हैदराबादेतून सुटून मुंबईला जोडला गेला होता. त्याचं श्रेयही आमच्या घरात कुणी मला दिलं नाही.

कान अजून ओसरीत आहे, भिंतीवर, आप्पा टेकून बसले होते त्याच खुंटीला. मोठीमाय रोज सकाळी त्याच्यापाशी उभी राहून घरातलं सगळं सांगते: म्हैस लाथ मारती, धाकटी सून उलटून बोलती, अण्णानं उधारी वाढवून ठेवलीय. पाहुणे दचकतात. तिला पर्वा नाही.

गेल्या साली तिनं स्वतःचा फोटो काढायचं ठरवलं. "माझी आशी खांडोळी नगं. जित्ती हाय तवर सबंद काढून घ्या." परभणीहून उस्तादांना बोलावलं. त्यांनी तिला ओसरीत बसवलं, कानाखालीच. मी म्हणालो, "मोठीमाय, मी शेजारी बसू?" ती उस्तादांना म्हणाली, "ह्येला लांब उभा करा. कॅमेऱ्याला हात पोचंल इतका जवळ नगं." मला अंगणाच्या पार टोकाला, गोठ्यापाशी उभं केलं.

फोटो फार सुरेख आला. मोठीमाय टाचेपासून पदरापर्यंत सबंध, ताठ, आणि तिच्या डोक्यावर आप्पांचा कान. परवा पाटील चाकाच्या दोराचं बोलायला घरी आले, तेव्हा तिनं तो त्यांना दाखवला. पाटलांनी उन्हात धरला, सावलीत धरला, आणि कोपऱ्यात बोट ठेवलं.

"वैनी, हे मागं बारीक काळं काय हाय? तीळ?"

"न्हाई," मोठीमाय म्हणाली. "त्यो आमचा बसू. पत्रकं लिव्हनारा किडा."

पाटलांनी फोटो डोळ्याजवळ नेला आणि मान हलवली.

"हां," ते म्हणाले, "आता दिसला."